कार्डावर सहा, कॉम्प्युटरात पाच, धान्य तिघांचं

नाशिक जिल्ह्यातल्या एका ताईंनी विचारलंय: "आमचं केशरी कार्ड आहे, कार्डावर सहा नावं. आजवर पाच जणांचं पंचवीस किलो धान्य मिळायचं. गेले दोन महिने पंधराच किलो मिळतंय. दुकानदार म्हणतो, वरूनच कमी आलं. तहसिलात गेले तर म्हणाले, इष्टांक संपलाय, नंतर या. मालक वापीला कंपनीत आहेत. सासूबाईंची बोटं मशीनवर उमटत नाहीत. मोठी मुलगी दहावीत, मधला पाचवीत, धाकटा तीन वर्षांचा. माझी दोन दिवसांची मजुरी बुडाली. आता कुणाकडे जाऊ?"

ताई, रेशनच्या कामात मला बावीस वर्षं झाली. आधी मुंबईतल्या वस्त्यांत, नंतर खेड्यापाड्यांत. तुमचा प्रश्न वाचल्याबरोबर एक गोष्ट दिसली, ती आधी सांगते. तुमच्या घरात एक अडचण नाही, निदान दोन आहेत आणि त्या अगदी वेगळ्या आहेत. दुकानदाराने सांगितलेलं कारण तुमच्या प्रश्नाचं नाही. तहसिलात सांगितलेलं इष्टांकाचं कारण, म्हणजे तालुक्याला ठरवून दिलेली माणसांची संख्या भरल्याचं, फार तर तुमच्या धाकट्यापुरतं लागू आहे. पंचवीसचे पंधरा का झाले, याचं उत्तर तुम्हाला अजून कुणीच दिलेलं नाही.

आता हिशेब बघा. अन्न सुरक्षा कायदा २०१३ सालचा, आपल्या राज्यात तो १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. त्यात दोन प्रकारची कुटुंबं येतात. अंत्योदय, म्हणजे कार्डामागे महिन्याला ३५ किलो, घरात माणसं दोन असोत की दहा. आणि प्राधान्य कुटुंब, म्हणजे माणशी ५ किलो. केशरी कार्ड असून धान्य मिळतं म्हणजे तुम्ही प्राधान्य कुटुंबात आहात. (अंत्योदयाचं पिवळं कार्ड मिळावं म्हणून पुष्कळ जण धडपडतात. पण घरात आठ माणसं असतील तर प्राधान्यात ४० किलो मिळतं, अंत्योदयात ३५. आपल्या घराचा हिशेब करून मगच मागणी करावी.) पंचवीस किलो म्हणजे पाच माणसं, पंधरा म्हणजे तीन. दुकानात माल खरोखर कमी आला असता तर तो असा नेमका माणशी पाचच्या पटीत कमी झाला नसता, आणि शेजारणींच्या पिशवीतही कमी पडला असता. त्यांना पूर्ण मिळतंय आणि तुमचेच दहा किलो गेलेत, तर गोदामाचा काही दोष नाही. तुमच्या घरातली दोन नावं कॉम्प्युटरात थांबली आहेत.

म्हणून पहिलं काम: कुठल्याही कचेरीत जायच्या आधी कॉम्प्युटरात तुमचं घर कसं दिसतं ते पाहा. कार्डाच्या पुस्तकावर पेनाने लिहिलेली नावं म्हणजे तुमचं रेशन नव्हे. धान्य ठरतं ते बारा अंकी आरसी, म्हणजे रेशन कार्डाच्या, नंबराखाली जी नावं नोंदली आहेत त्यांवर. तो नंबर मशीनच्या पावतीवर असतो. महाईपॉस या राज्याच्या रेशनच्या संकेतस्थळावर तो टाकला की घरातली नावं, त्यांचं आधार जोडलंय की नाही, आणि कुठल्या महिन्यात किती धान्य उचललं, हे समोर येतं. 'मेरा राशन' ॲपमध्येही दिसतं. दहावीतली मुलगी हे पाच मिनिटांत काढून देईल. त्या पानाचा फोटो ठेवा. आणि दुकानात अंगठा दिला की पावती मागून घ्यायचीच. पावतीवर वीस किलो आणि पिशवीत पंधरा असेल, तर ती दुकानातली गडबड. पावतीवरच पंधरा असेल, तर दुकानदाराशी भांडून उपयोग नाही, कारण नाव घालणं किंवा काढणं त्याच्या हातात नसतं. त्याला क्विंटलमागे ठरलेलं कमिशन मिळतं आणि मशीन जेवढं सांगेल तेवढंच तो मापू शकतो. दुकानदारांत चोरी करणारे मी पाहिले आहेत. दिवसभर सर्व्हर बंद म्हणून लोकांच्या शिव्या खाणारे त्याहून जास्त पाहिले.

दोन नावं कुणाची असतील? एक बहुधा सासूबाईंचं. सध्या प्रत्येक माणसाची ई-केवायसी मागतात, म्हणजे त्या माणसाने स्वतः येऊन आधारशी आपली ओळख जुळवून द्यायची. एरवी दर महिन्याला घरातल्या कुणाही एकाच्या अंगठ्यावर सगळ्यांचं धान्य मिळतं, त्यामुळे सासूबाईंची बोटं उमटत नाहीत याने इतकी वर्षं काही अडलं नाही. ई-केवायसीत मात्र त्यांचीच बोटं लागतात. निंदणी-खुरपणी, भांडी, राख यांत आयुष्य गेलेल्या बाईच्या बोटांवर रेषा राहत नाहीत. यात त्यांचा काय दोष? ज्या कष्टामुळे त्या या धान्याच्या हक्कदार ठरल्या, त्याच कष्टाने त्यांची बोटं झिजली.

यावर करता येण्यासारखं पुष्कळ आहे. आदल्या रात्री बोटांना तेल चोळायचं, सकाळी कोमट पाण्याने धुऊन कोरडी करायची, आणि अंगठ्याचाच हट्ट न धरता दहाही बोटं लावून पाहायची. करंगळीवर किंवा डाव्या हाताच्या अनामिकेवर काम झालेल्या कितीतरी आजी मला आठवतात. नाही उमटलं तर 'मेरा ई-केवायसी' नावाचं सरकारी ॲप आहे, त्यात चेहऱ्यावरून ओळख पटते. त्याच्या जोडीला आधारचं फेस आरडी ॲप लागतं, आणि आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. अंगणात उजेडात बसवून, डोक्यावरचा पदर जरा मागे घेऊन, डोळ्यांची उघडझाप करायला सांगितली की होतं. काही दुकानांतल्या नव्या मशीनवर डोळ्यांचं स्कॅनरही आहे. आणि यातलं काहीच जमलं नाही तरी केवळ बोटं उमटली नाहीत म्हणून धान्य नाकारता येत नाही. झारखंडातल्या सिमडेगा जिल्ह्यात सप्टेंबर २०१७ मध्ये अकरा वर्षांची एक मुलगी गेली. आधार जोडलं नाही म्हणून त्या घराचं कार्ड रद्द झालं होतं आणि घरात कित्येक महिने रेशनचा दाणा नव्हता. त्यानंतर २४ ऑक्टोबर २०१७ रोजी केंद्र सरकारने सगळ्या राज्यांना लेखी कळवलं की आधार नाही किंवा ठसा जुळला नाही एवढ्यावरून कुणाचं धान्य थांबवू नका, कुणाचं नाव कापू नका. अर्जात या पत्राची तारीख लिहा. तारीख लिहिलेली असली की समोरचा माणूस अर्ज नीट वाचतो, असा माझा अनुभव आहे.

दुसरं नाव तुमच्या मालकांचं असू शकतं किंवा मोठ्या मुलीचं. मालकांचं असेल तर त्यांना रजा काढून गावी बोलवू नका. ई-केवायसी देशातल्या कुठल्याही रेशन दुकानात करता येते. गुजरातमधल्या वापीतल्या दुकानात बारा अंकी नंबर आणि आधार घेऊन ते गेले तरी काम होईल. इतकंच नाही, त्यांच्या वाट्याचे पाच किलो त्यांना तिथेच उचलता येतात. महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात ही सोय ऑगस्ट २०१९ पासूनच आहे, पुढे ती देशभर झाली. फक्त घरात आधी ठरवून घ्या. त्यांनी तिकडे मशीनवर घरातल्या सगळ्यांचं धान्य उचललं तर इकडे तुमच्या अंगठ्याला 'उचल झालेली आहे' असं येईल. दिंडोरीकडच्या एका घरात यावरून नवरा-बायकोंत चांगलीच जुंपली होती. दोघांचंही काही चुकलं नव्हतं, त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं.

मुलीचं असेल तर कारण आधारचं आहे. लहानपणी घेतलेले ठसे वाढत्या वयात बदलतात, म्हणून पाच आणि पंधरा वर्षांचं झाल्यावर ते पुन्हा द्यावे लागतात. पंधरा ते सतरा या वयात हे आधार केंद्रावर मोफत होतं. आधी तिथे ठसे नवे करून घ्या, ते नोंदले गेल्यावर मगच दुकानात ई-केवायसी करा. उलट क्रमाने गेलात तर मशीन नाकारत राहील आणि हेलपाटे वाढतील. दहावीच्या परीक्षेच्या आत हे उरकून घ्या, अकरावीच्या प्रवेशालाही अद्ययावत आधार लागेलच. पाचवीतल्या मुलाचे पाच वर्षांनंतरचे ठसे दिलेत का, तेही त्याच खेपेत विचारून घ्या.

आता धाकटा. त्याचं नाव पुस्तकावर आहे पण त्याचं धान्य तुम्हाला कधीच मिळालेलं नाही, हे तुमच्याच आकड्यांवरून दिसतं. सहा नावं आणि पंचवीस किलो. म्हणजे कुणीतरी पेनाने नाव लिहून, शिक्का मारून दिला आणि कॉम्प्युटरात चढवलंच नाही. तीन वर्षांचे पाच-पाच किलो गेले आणि घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. अशी घरं मला दर आठवड्याला भेटतात, त्यामुळे यात स्वतःला बोल लावू नका. त्याच्यासाठी नाव वाढवण्याचा अर्ज, म्हणजे नमुना ८, भरायचा. सोबत जन्मदाखला आणि त्याचं आधार. पाच वर्षांखालच्या मुलांचे ठसे आधारमध्ये घेतच नाहीत, त्यामुळे आज त्याची ई-केवायसी कुणी मागितली तर ते चूक आहे.

इथे मात्र तहसिलातल्या माणसाने सांगितलेला 'इष्टांक' खरा आहे, आणि तो नीट समजून घ्यायला हवा. कायद्याने प्रत्येक राज्याला किती माणसांचं धान्य द्यायचं याची मर्यादा घातली. महाराष्ट्रासाठी ती ग्रामीण भागात ७६.३२ टक्के आणि शहरी भागात ४५.३४ टक्के लोकसंख्येची, मिळून सुमारे ७ कोटी माणसं. ही लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची धरली. त्यानंतर जन्मलेलं एकही मूल त्या हिशेबात नाही. तुमचा धाकटाच काय, पाचवीतला मुलगाही त्या जनगणनेनंतर जन्मलेला. तो आकडा जिल्ह्यांना, तालुक्यांना वाटून दिला, आणि तालुक्याचा आकडा भरला की कॉम्प्युटर नवं नाव घेत नाही. समोरच्या कारकुनाची इच्छा असली तरी घेत नाही. कुणी वारलं, मुलगी लग्न होऊन गेली, कुणाचं उत्पन्न वाढून नाव निघालं, की जागा होते. मला स्वतःला ही मर्यादा अन्यायाची वाटते आणि प्रत्येक जनसुनावणीत मी ते बोलले आहे. अन्नाचा हक्क म्हणायचं आणि पंधरा वर्षांत जन्मलेल्या पोरांना मोजायचंच नाही, हे पटण्यासारखं नाही.

पण 'इष्टांक संपला, नंतर या' हे उत्तर घेऊन परत यायचं नाही. इष्टांक संपला असेल तर नाव चढायला वेळ लागेल, अर्ज घेण्याला मनाई नाही. अर्ज द्या, पोच घ्या, प्रतीक्षा यादीत आपला नंबर कितवा ते विचारा. माहितीच्या अधिकारात साध्या कागदावर तीनच प्रश्न विचारा: आपल्या तालुक्याचा इष्टांक किती, आज नोंदलेली माणसं किती, गेल्या वर्षभरात किती नावं कमी केली आणि त्या जागांवर कुणाला घेतलं. हे प्रश्न गेले की जागा आहे की नाही ते आपोआप समजतं. ग्रामसभेत लाभार्थ्यांची यादी वाचून घ्या. वारलेल्या माणसांच्या नावावर धान्य निघत असेल तर गावाला ते माहीत असतं, कचेरीला नसतं. तुम्ही मजुरीला जाता, तेव्हा ई-श्रमवर, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर, नोंद नसेल तर करून घ्या. असंघटित कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये सांगितलं आहे की ई-श्रमवर नोंदलेल्या, रेशन कार्ड नसलेल्या लोकांना इष्टांकाचं कारण न देता कार्ड द्या. तुमच्याकडे कार्ड आहे, म्हणून तो आदेश तुम्हाला जसाच्या तसा लागू होत नाही. तुमच्या शेजारी एखादं कार्डच नसलेलं कुटुंब असेल तर त्यांना मात्र हे नक्की सांगा.

कधीकधी उशीर खरोखरच मालाचा असतो. भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामातून तालुक्याच्या गोदामात आणि तिथून दुकानात गाड्या वेळेवर निघत नाहीत, किंवा महिनाअखेरीला सर्व्हर बसतो. अशा वेळी महिना संपायच्या आत तक्रार नोंदवणं महत्त्वाचं, कारण मुदतवाढ मिळाली नाही तर त्या महिन्याचं धान्य बुडतं. १९६७ किंवा १८००२२४९५० या मोफत क्रमांकांवर फोन करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. फोन लागायला वेळ लागतो, चिकाटी ठेवा. दुकानदाराने 'आधी अंगठे देऊन ठेवा, माल आला की देतो' असं म्हटलं तर अंगठा देऊ नका. अंगठा दिला म्हणजे धान्य मिळालं अशी नोंद झाली, मग तक्रारीला आधार उरत नाही. आणि धान्य घ्यायचं लांबवू नका. रेशनच्या नियमांतल्या २०२५ मधल्या दुरुस्तीनंतर सलग सहा महिने न उचललेलं कार्ड तात्पुरतं बंद करतात आणि घरी येऊन पडताळणी करतात. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांनी जिथे असाल तिथल्या दुकानात उचल करत राहावी.

हक्काचं धान्य मिळालंच नाही तर त्याबदली पैसे, म्हणजे अन्न सुरक्षा भत्ता, कायद्याच्या कलम ८ मध्ये आहे. २०१५ च्या नियमांत तो हमीभावाच्या सव्वापट, वजा रेशनचा दर, असा ठरवला आहे. गव्हाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २,४२५ रुपये धरला तर किलोला साधारण २८ ते ३० रुपये होतात. तुमचे दोन महिन्यांचे वीस किलो सगळे गव्हाचे धरले तर सहाशेच्या आसपास. हा भत्ता हातात पडलेली माणसं मी फार थोडी पाहिली आहेत. तरी अर्जात मागावा असं मी प्रत्येकाला सांगते. भत्ता मागितला की धान्य का दिलं नाही याचं कारण कुणालातरी लिहावं लागतं, आणि कारण लिहिण्यापेक्षा धान्य सुरू करणं त्यांना सोपं पडतं.

कुणाकडे जायचं ते आता सांगते. खेड्यात तुमचा अर्ज तहसील कचेरीतल्या पुरवठा शाखेत, पुरवठा निरीक्षकाकडे. मुंबईत असतात तर शिधावाटप कार्यालयात गेला असतात. तिथे ठरलेल्या मुदतीत काम झालं नाही तर दोन वाटा आहेत. एक, महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली अपील. रेशन कार्डाच्या कितीतरी सेवांना त्यात दिवस ठरवून दिले आहेत आणि ते कचेरीतल्या फलकावर लावलेले असायला हवेत. दुसरी, अन्न सुरक्षा कायद्यातले जिल्हा तक्रार निवारण अधिकारी, आणि त्यांच्यावर राज्य अन्न आयोग. कार्डात नाव घालण्या-काढण्याची कामं रेंगाळली तर मी पहिली वाट धरते, धान्यच मिळत नसेल तर दुसरी. रेशन दुकानावर लक्ष ठेवणारी गावातली दक्षता समिती कागदावर सगळीकडे असते. तिची बैठक होते का ते विचारून पाहा. तुमच्या गावात बायका त्या समितीवर असतील तर त्यांना आधी गाठा.

एक चूक मी केली होती, ती सांगते. कामाला लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. एका विधवा बाईंना मी नाव वाढवण्याच्या अर्जासाठी तीनदा कचेरीत पाठवलं. तिसऱ्यांदा कळलं की त्यांच्या मुलाचं नाव त्यांच्या माहेरच्या कार्डावर आधीच चढलेलं होतं, त्यामुळे इकडे ते घेतलं जाणं शक्यच नव्हतं. आधी तिकडून नमुना ९ भरून नाव कमी करून त्याचा दाखला आणायला हवा होता. त्यांच्या तीन दिवसांच्या मजुरीचं नुकसान माझ्यामुळे झालं. तेव्हापासून नोंद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी कुणाला घराबाहेर पडायला सांगत नाही. तुमच्या धाकट्याचं नावही दुसऱ्या कुठल्या कार्डावर, आजोळच्या वगैरे, नाही ना, ते पाहून घ्या. आणि कचेरीच्या दाराशी उभा असलेला कुणी दोन हजारांत करून देतो म्हणाला तर देऊ नका. इष्टांक भरलेला असेल तर तोही काही करू शकत नाही, आणि मोकळा असेल तर ते काम अर्जानेच होतं.

अर्ज असा लिहा. कायद्याने घरातली अठरा वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई कार्डाची कुटुंबप्रमुख असते, म्हणून तो सासूबाईंच्या नावाने द्या, त्यांचा अंगठा कागदावर चालतो:

"माझ्या शिधापत्रिकेवर, आरसी क्रमांक अमुक, प्राधान्य कुटुंब योजनेत पाच व्यक्तींना २५ किलो धान्य मिळत होते. अमुक महिन्यापासून तीन व्यक्तींचे १५ किलो मिळत आहे. पावत्यांच्या व ऑनलाइन नोंदीच्या प्रती जोडल्या आहेत. कोणत्या दोन व्यक्तींचे धान्य, कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या कारणाने थांबवले, हे लेखी कळवावे. माझ्या बोटांचे ठसे उमटत नसल्याने केंद्र शासनाच्या २४ ऑक्टोबर २०१७ च्या सूचनेनुसार पर्यायी पद्धतीने ओळख पटवून धान्य सुरू करावे. न मिळालेल्या २० किलोंबद्दल कलम ८ प्रमाणे अन्न सुरक्षा भत्ता मिळावा. नातवाचे नाव समाविष्ट करण्याचा नमुना ८ सोबत जोडला आहे."

दोन प्रती काढा. एक द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा. टपाल घेणारा शिक्का द्यायला कां-कू करू लागला तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा, पोस्टाची पावती जपून ठेवा. आठवडी बाजाराच्या दिवशी जाऊ नका, त्या दिवशी पुरवठा शाखेत पाय ठेवायला जागा नसते. सोमवारी मुलीकडून ऑनलाइन पान काढून घ्या आणि कुठली दोन नावं थांबली आहेत ते मला कळवा. मुलीचं असेल तर आधी आधार केंद्र, मालकांचं असेल तर आधी वापीला फोन, आणि सासूबाईंचं ॲपवरून त्याच संध्याकाळी घरबसल्या करून पाहू.